वाचक विचारतात : विहीर, मत आणि ग्रामसभा

२६ जानेवारीच्या ग्रामसभा आटोपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सातबारा, पीकविमा आणि पाणंद रस्ते यांविषयी विचारणारे वाचक या दिवसांत राज्यघटनेविषयी विचारू लागतात. ध्वजवंदनानंतर ऐकलेली भाषणे आणि त्यानंतर ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष आलेला अनुभव यांतील अंतर त्यांना अस्वस्थ करते. ही अस्वस्थता मला मोलाची वाटते, म्हणून या वेळी केवळ त्याच विषयावरील पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे गाळून फक्त तालुका ठेवला आहे.

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. परिपाठात मुले रोज राज्यघटनेची उद्देशिका म्हणतात. न्याय, स्वातंत्र्य आणि समानता हे शब्द मी उदाहरणे देऊन समजावतो. ‘बंधुता’पाशी मात्र अडतो. पाचवीतील एका मुलीने विचारले, “सर, बंधुता म्हणजे भाऊबंदकी का?” मला नीट उत्तर देता आले नाही. हा शब्द घटनेत आला कसा आणि मुलांना सांगावा कसा?

उत्तर : त्या मुलीने शब्दाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. तिने ‘बंधु’ हा शब्द धुऱ्याच्या वादात, वाटणीत आणि तहसीलच्या खेटांत ऐकला असणार. सख्खे असूनही एकमेकांचे न पाहणे म्हणजे भाऊबंदकी, आणि नाते नसतानाही एकमेकांचे पाहणे म्हणजे घटनेतील बंधुता, असे तिला सांगता येईल.

हा शब्द घटनेत नंतर आला. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी संविधानसभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला. न्याय, समानता व स्वातंत्र्य त्या ठरावात होते, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर करताना समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट लिहिले की मूळ ठरावात नसलेला बंधुतेचा उल्लेख समितीने जाणीवपूर्वक केला आहे, कारण देशाला बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. त्या तारखेकडे मुलांचे लक्ष वेधावे. फाळणीच्या कत्तली नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि गांधीजींच्या हत्येला जेमतेम तीन आठवडे झाले होते. अशा काळात घाईने कठोर कायदे लिहिण्याचा मोह कोणालाही झाला असता. या माणसांनी उद्देशिकेत बंधुता लिहिली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याच शब्दाचा विस्तार केला. बंधुतेविना स्वातंत्र्य आणि समता सहज अंगवळणी पडणार नाहीत, त्यांच्या अंमलासाठी शिपाई उभा करावा लागेल, असे ते म्हणाले. आणि जाती समाजजीवनात फूट पाडतात म्हणून त्या राष्ट्रविरोधी आहेत, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले.

मुलांसाठी मात्र याहून जवळचे उदाहरण घटनेतच आहे. अनुच्छेद १५ वाचताना त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते हे शब्द येतात, आणि त्यांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे तेथे लिहिले आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात गावच्या विहिरीचे नाव लिहावे लागले, कारण त्या विहिरीवर काय घडत होते हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. आपल्याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवी मंदिराचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून लढा उभा राहिला. त्या लढ्यात पुढे असलेले डॉ. पंजाबराव देशमुख आणि त्याला पाठबळ देणारे बाबासाहेब हे दोघे वीस वर्षांनी संविधानसभेत सहकारी म्हणून बसले. मुलांना गावातील जुन्या विहिरींची यादी करायला सांगावी, आणि कोणत्या विहिरीवर पूर्वी कोण पाणी भरत असे व कोणाला दुरून ओंजळीत पाणी घ्यावे लागे, हे घरातील आजी-आजोबांना विचारून यायला सांगावे. मुले जे विचारून आणतील, त्यावर काही दिवस वर्गात बोलता येईल.

प्रश्न : घाटंजी तालुक्यातील एका गावाची मी सरपंच आहे. पद महिलांसाठी राखीव होते म्हणून निवडणूक लढवली. आता मासिक सभेत माझे पतीच बोलतात, सदस्यही त्यांनाच विचारतात. ग्रामसभेत बाया मागे बसतात आणि अर्ध्यातून उठून जातात. घटनेने खुर्ची दिली, पण आवाज कसा मिळवावा?

उत्तर : ताई, आपण लिहिलेली अडचण एकट्या आपल्या गावाची नाही. तरीही कायदा आपल्या बाजूने किती स्पष्ट आहे हे आधी नोंदवतो. मासिक सभा ही ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्यांची सभा असते. तेथे सरपंचाच्या पतीला कोणतेही स्थान नाही. ग्रामसभेत ते बसू शकतात, बोलू शकतात, परंतु गावचे एक मतदार म्हणून, आपले प्रतिनिधी म्हणून नव्हे. सभेचे अध्यक्षस्थान आपले आहे. कार्यवृत्तावर सही आपली होणार आहे आणि चुकीच्या खर्चाचा जाबही आपल्यालाच विचारला जाणार आहे. सही आपली असेल तर चर्चाही आपल्यासमोर आणि आपल्याशीच व्हायला हवी, हे पहिल्या मासिक सभेत शांतपणे सांगावे.

दुसरे साधन महिला सभेचे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. आपण ती खरोखर घ्यावी; अंगणवाडीत, दुपारी, वावरातले काम नसेल अशा वेळी. तेथे ठरलेले दोन-तीन विषय लेखी स्वरूपात ग्रामसभेपुढे ठेवले, की मागे बसलेल्या बायांचे म्हणणे विषयपत्रिकेत येऊन बसते, मग त्या उभ्या राहून बोलोत वा न बोलोत. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या आईच्या गावी दारूच्या दुकानाचा विषय असाच पुढे आला होता, आणि ज्या बायांनी आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते त्यांनी तो लावून धरला होता.

आपल्याला बळ मिळावे म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदारयादी तयार होत असताना, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेच लिहून घेतले गेले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असे नाव मान्य करण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. तो निर्णय कठोर होता. परंतु मत व्यक्तीचे असते, तिच्या नात्याचे नसते, हे त्यातून देशाला कळले. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. नाव सांगण्यापासून खुर्चीपर्यंत यायला चाळीस वर्षे लागली. म्हणून आपण सभेच्या सुरुवातीला स्वतःचे पूर्ण नाव घेऊन बोलण्यास प्रारंभ करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : आर्वी तालुक्यातील कास्तकार आहे. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात असल्याने ग्रामस्वराज्याचा विचार लहानपणापासून ऐकला. आता मुलगा म्हणतो की बाबासाहेबांना गावे मान्यच नव्हती. मग घटना कोणाची मानावी, आणि गावाला अधिकार देणे बरोबर की चूक?

उत्तर : आपल्या मुलाने खरे तेच सांगितले आहे, मात्र ते अर्धे आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीय वृत्तीचे आगर म्हटले, आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा एकक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. सभागृहात यावर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत यांनी उघड नाराजी नोंदवली. पुढे २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आणली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तोच आजचा अनुच्छेद ४० होय. म्हणजे ज्यांनी गावावर इतकी कठोर टीका केली, त्यांनीच सभागृहाचे मत पाहून गावाला घटनेत जागा दिली. वाद घालावा, मत मांडावे, आणि समोरच्याचे बहुमत पटले तर मान्य करावे, ही रीत त्या सभागृहात होती. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला आल्या, त्या अशाच वातावरणात.

अनुच्छेद ४० मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयातून त्याची अंमलबजावणी करून घेता येत नव्हती. राज्यांनी आपापल्या मर्जीने पंचायती चालवल्या. महाराष्ट्राने त्यात लवकर पाऊल टाकले. पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तरी ग्रामसभेला घटनेचे कवच मिळायला १९९३ उजाडावे लागले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. बाबासाहेब ज्या गावाबद्दल बोलत होते ते गाव आपणही पाहिले आहे. वाड्यावर निर्णय व्हायचा, गावकुसाबाहेरच्या माणसाने तो फक्त ऐकायचा. अशा गावाला नुसता अधिकार दिला असता तर तो अधिकार वाड्याचा झाला असता. त्यामुळे ७३ व्या घटनादुरुस्तीने केलेली जोडणी मला महत्त्वाची वाटते. गावाला अधिकार मिळाला, पण त्याच दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या, आणि मतदारयादीतील प्रत्येक व्यक्तीला ग्रामसभेचे सभासदत्व दिले. गाव हा शब्द गांधीजींचा राहिला आणि त्यातील माणूस बाबासाहेबांचा.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) येथे एकदा जाऊन यावे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. गोंड आदिवासींचे हे लहानसे गाव. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे तेथे पुढे असली तरी निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असेल तर त्याला मतदानाने हरवण्याऐवजी विषय पुढच्या बैठकीवर टाकतात. त्याच्या जोडीला अभ्यासगट चालतो. कायदा आणि जंगल यांची माहिती तेथे आधी समजून घेतली जाते. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न आहे. जुन्या वन कायद्याच्या अर्थाने मात्र तो झाडात मोडत होता, आणि वाद याच एका शब्दावर अडून राहिला. गावाने आपला ठराव सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. एका बांबूसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. ज्या जंगलातून बांबू आणला म्हणून आजोबाला दंड भरावा लागला, त्याच जंगलाचा परवाना नातू स्वतः लिहितो, यात प्रतिष्ठेचा जो फरक पडतो त्यासाठीच हा खटाटोप होता.

मात्र मेंढ्याची सर्वसहमती जशीच्या तशी उचलून प्रत्येक गावात नेता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे बहुतेक माणसे एका समाजाची आहेत आणि जमिनीतील तफावत कमी आहे. जेथे चार घरांकडे निम्मे वावर आहे आणि उरलेले त्यांच्याकडे सालदारकीला किंवा मजुरीला जातात, तेथे एकमताचा आग्रह हा पुष्कळदा गप्प बसवण्याचा मार्ग होतो. बिनविरोध निवडणुकीचे कौतुक करतानाही मला हीच भीती वाटते. विरोधात अर्ज भरणारा खरोखरच कोणी नव्हता, की भरू दिला नाही, हे विचारल्याशिवाय त्या गावाचा सत्कार करू नये. अशा गावात हात वर करून घेतलेले मत आणि त्याची कार्यवृत्तात नोंद, हेच दुबळ्याचे संरक्षण आहे.

प्रश्न : साकोली तालुक्यात राहतो. आमच्या गावचा तलाव पूर्वी मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाचा होता, आता त्याला मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. मालगुजारी गेली ती घटनेमुळे की वेगळ्या कायद्यामुळे? मालमत्तेचा हक्क असताना सरकारने ती कशी घेतली?

उत्तर : ती गेली वेगळ्या कायद्याने, मात्र तो कायदा टिकवण्यासाठी घटना बदलावी लागली. त्या काळी आपला भाग मध्य प्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही राजधानी होती. त्या राज्याच्या विधिमंडळाने १९५० साली मालगुजारी व जमीनदारी हक्क संपवणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून ते हक्क सरकारकडे आले. वऱ्हाडात मुख्यतः रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत असल्याने तिकडे हा बदल इतका जाणवला नाही. भंडारा-चांद्याकडे मात्र गावेच्या गावे एका माणसाच्या मालकीतून सुटली. देशभरच्या जमीनदारांनी अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले, कारण तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. त्यावर उपाय म्हणून जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि जमीनसुधारणेच्या कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून वाचवण्यासाठी घटनेला जोडलेल्या नवव्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करणार आहोत, असा बाबासाहेबांचा इशारा होता. त्या विसंगतीशी पहिली झटापट जमिनीवरून झाली.

तलाव सरकारकडे गेले, तरी गुरांना पाणी, सरपण, माती यांसाठी गावकऱ्यांचे जे वहिवाटीचे हक्क होते त्यांची नोंद निस्तार पत्रकात आहे. आपल्या गावाचे निस्तार पत्रक तहसील कार्यालयातून मागवून ग्रामसभेत वाचून घ्यावे. मामा तलावाचा गाळ आणि मासेमारी यांचे वाद पुष्कळदा त्या जुन्या कागदावर सुटतात.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील ऐंशीच्या घरातील वाचक आहे. १९५४ मध्ये माझे वडील मत द्यायला बैलबंडीने गेले होते. माझा नातू पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणतो, एका मताने काय होते. त्याला काय सांगावे?

उत्तर : आजोबा, आपल्या वडिलांनी ज्या निवडणुकीत मत दिले, तीच गोष्ट त्याला सांगावी. १९५४ च्या त्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत स्वतः डॉ. आंबेडकर उभे होते, आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. त्याआधी १९५२ साली मुंबईतही ते हरले होते. मला हा पराभव फार लागतो. आणि तरीही त्याच क्षणी त्यांनी लिहिलेल्या घटनेचे सामर्थ्य दिसते. १९४६ साली प्रांतिक निवडणुकांत मत द्यायला मालमत्ता, कर किंवा शिक्षण लागत असे. आपल्या वडिलांना तेव्हा ते बहुधा मिळाले नसते. संविधानसभा अशाच मर्यादित मतांवर निवडल्या गेलेल्या प्रतिनिधींनी निवडली होती, आणि तिने मात्र प्रत्येक प्रौढाला मत दिले. आठ वर्षांनंतर निरक्षर शेतकरीही देशातील सर्वांत मोठ्या घटनातज्ज्ञाला नाकारू शकत होता, आणि तो घटनातज्ज्ञ निकाल स्वीकारत होता.

नातवाला एक व्यवहाराची गोष्टही सांगावी. त्याचे नाव एका वेळी एकाच ठिकाणच्या मतदारयादीत राहू शकते. तो पुण्यात स्थायिक झाला असेल तर नमुना ८ भरून नाव तिकडे नेता येते आणि मतदानाला त्याला गावी येण्याची गरज राहत नाही. परंतु ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. नाव हलवले, तर घराशेजारच्या रस्त्यावर, तलावावर आणि आपल्या गावच्या खर्चावर ग्रामसभेत हात वर करण्याचा त्याचा अधिकारही त्यासोबत जातो. कोणते ठिकाण त्याला आपले वाटते हे त्याने ठरवावे आणि अर्ज भरण्यापूर्वी आपल्याशी एकदा बोलावे.